बाथरूम फोडण्याआधी एक आठवडा मोजणी करा

वाचकाचे पत्र : आमच्या घरात चार माणसे आहेत. बाथरूम बारा वर्षांपूर्वीचे असून तसे ठीक आहे. पण टाइल्सचा रंग विटला आहे आणि कमोडची टाकी जुनी, एकाच बटणाची आहे. नव्याने करायचेच तर ते पर्यावरणपूरक करावे, असे माझ्या मनात आहे. माझ्या यादीत नवा कमोड, मोठ्या थाळीचा ‘रेन शॉवर’, साठवणीच्या गिझरऐवजी इन्स्टंट गिझर, बांबूचे सामान आणि व्हिनेगर व सोडा एकत्र करून बनवलेला घरगुती क्लीनर, एवढे आहे. माझे पती म्हणतात, चालू वस्तू फोडून नव्या बसवण्यात कसले आले पर्यावरण? मुलगी तर सगळ्यांचे प्लॅस्टिकचे ब्रश आजच टाकायला निघाली आहे. सुरुवात कुठून करावी?

उत्तर : तुमची यादी मी दोनदा वाचली. काय बसवायचे ते तीत नेमके लिहिले आहे. पण आज या बाथरूममध्ये रोज किती पाणी जाते, त्यातले गरम किती आणि ते तापवायला वीज किती लागते, याचा एकही आकडा तीत नाही. हे आकडे हाती आले, तर यादीतल्या निम्म्या वस्तूंची गरज उरणार नाही आणि यादीत नसलेली दोन-तीन कामे वर येतील, असा माझा अंदाज आहे. म्हणून गवंड्याला बोलावण्याआधी एक आठवडा थांबा. लागणारे साहित्य घरातच सापडेल : बादली, मापाचा जग, पेन्सिल, सेकंदकाट्याचे घड्याळ आणि खाण्याच्या रंगाची बाटली.

तुमच्या पतींचे म्हणणे अर्धे खरे आहे. टाइल्स काय किंवा चिनी मातीचा कमोड काय, या वस्तू हजार अंशांहून अधिक तापमानाच्या भट्टीत भाजून तयार होतात. ती उष्णता एकदा खर्च झालेली आहे आणि वस्तू जितकी वर्षे वापरात राहील तितका तो खर्च पचत जातो. फोडलेली टाइल पुन्हा बसवता येत नाही, तिचा बहुधा राडारोडाच होतो. तेव्हा रंग विटला एवढ्यावरून टाइल्स काढू नयेत. सांधे खरवडून नव्याने भरले आणि पृष्ठभागावर बसलेला क्षारांचा पांढरा थर काढला, तर बऱ्याच ‘विटलेल्या’ टाइल्स मुळात विटलेल्या नसतात असे दिसून येते. पतींच्या बोलण्याचा उरलेला अर्धा भाग मात्र मला मान्य नाही, कारण रोज पाणी किंवा वीज खाणारी वस्तू केवळ चालू आहे म्हणून ठेवणे हीही उधळपट्टीच असते. यांपैकी कोणती वस्तू कोणत्या गटात मोडते, ते मोजल्याशिवाय कळत नाही.

पहिली मोजणी शॉवरची करा. शॉवरखाली बादली ठेवा, रोज जितका सोडता तितकाच सोडा आणि बरोबर एका मिनिटाने बंद करा. बादलीतले पाणी जगाने मोजले की शॉवरचा वेग समजतो. जुन्या शॉवरमधून मिनिटाला १० लिटर किंवा त्याहूनही अधिक पाणी पडते. कमी प्रवाहाचा चांगला शॉवर ६ ते ७ लिटरमध्ये अंग व्यवस्थित भिजवतो. मग घरातल्या प्रत्येकाने एकदा, कुणालाही न सांगता, आपली वेळ घड्याळावर पाहावी. आपण पाच मिनिटांत बाहेर येतो अशी खात्री असलेली माणसे या मोजणीत हमखास खजील होतात. मीही झालो होतो.

आता थोडे गणित करू, कारण माझा सगळा सल्ला त्यावर उभा आहे. एक लिटर पाणी एक अंश सेल्सियसने तापवायला सुमारे ४.२ किलोज्यूल ऊर्जा लागते. नळाचे पाणी २० अंशांचे आहे आणि अंघोळीला ४० अंशांचे हवे आहे असे धरले, तर मिनिटाला १० लिटरच्या शॉवरखाली आठ मिनिटे उभे राहणाऱ्या माणसाच्या ८० लिटर पाण्यासाठी सुमारे १.९ युनिट वीज खर्च होते. एवढ्या विजेवर ९ वॅटचा एलईडी दिवा दोनशे तासांहून अधिक चालतो. बाथरूममधला दिवा विसरून चालू राहिला म्हणून आपण घर डोक्यावर घेतो आणि गरम पाण्याचा शॉवर चालू ठेवून निवांत साबण लावत उभे राहतो, हा हिशेब उलटा आहे. हीच अंघोळ मिनिटाला ६ लिटरच्या शॉवरखाली पाच मिनिटांत उरकली, तर पाणी ३० लिटर आणि वीज ०.७ युनिट लागते. २० लिटरच्या एका बादलीत उरकली, तर अर्ध्या युनिटहून थोडी कमी. चार माणसांच्या घरात आठ मिनिटांच्या आणि पाच मिनिटांच्या या दोन अंघोळींमधला फरक रोज २०० लिटर पाण्याचा आणि साडेचार युनिटहून अधिक विजेचा होतो. विजेच्या बचतीत यादीतली दुसरी कोणतीही वस्तू, बांबूची असो वा इतर कशाची, याच्या जवळपासही पोहोचत नाही.

यावरून ‘रेन शॉवर’बद्दलचे माझे मत तुमच्या लक्षात आले असेल. मोठ्या थाळीतून पावसासारखे पाणी पडायचे, तर प्रवाहही मोठा लागतो. प्रवाह रोखला तर थाळीच्या कडांवरून नुसते थेंब टपकतात आणि अंगावरचा साबण निघायला दुप्पट वेळ लागतो. तो यादीतून काढून टाका. त्याऐवजी कमी प्रवाहाचा शॉवर घ्या आणि त्याच्या वर मूठ फिरवून पाणी थांबवता येईल असा कॉक बसवा, म्हणजे साबण लावताना पाणी बंद करणे सोपे होते आणि मिक्सरवर जुळवलेले गरम-गार प्रमाणही बिघडत नाही. बेसिनच्या नळाला एअरेटर, म्हणजे पाण्यात हवा मिसळणारी छोटी जाळी, बसवून घ्या. ती हाताने फिरवून बसते, प्रवाह जवळपास निम्म्यावर आणते आणि हात धुताना फरक जाणवत नाही. मात्र पाण्यात क्षार असतील तर ती दर दोन-तीन महिन्यांनी काढून साफ करावी लागते, हे विसरू नका. बादली भरायच्या नळाला ती बसवू नका. तिथे बादलीभर पाणी तर लागणारच असते, वाढते ते फक्त ताटकळणे.

कमोडच्या टाकीचेही असेच माप घ्या. टाकी भरली की झाकण काढून आतल्या भिंतीवर पाण्याच्या पातळीशी पेन्सिलने खूण करा, टाकीत पाणी आणणारा कॉक बंद करा आणि फ्लश करा. मग मापाच्या जगाने खुणेपर्यंत पाणी भरत जा. जितके लिटर लागले तितके पाणी एका फ्लशमध्ये जाते. हा आकडा ६ च्या आसपास आला, तर कमोड बदलण्याचा विचार सोडून द्या. १० किंवा त्याहून अधिक आला, तर तुमची यादी इथे बरोबर आहे असे मी म्हणेन. चार माणसांचे दिवसाला वीस फ्लश धरले, तर १० लिटरच्या टाकीतून रोज २०० लिटर पाणी जाते. ६ आणि ३ लिटरच्या दोन बटणांच्या टाकीतून, प्रत्येक माणसाने मोठे बटण एकदा आणि लहान बटण चारदा दाबले असे धरून, ७२ लिटर जाते.

दोन बटणांची ही पद्धत १९८० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या कॅरोमा या कंपनीने आणली आणि तिथल्या पाणीटंचाईमुळे ती लवकर रुजली. अमेरिकेने १९९२ च्या कायद्याने नव्या कमोडला एका फ्लशमागे १.६ गॅलन, म्हणजे सुमारे ६ लिटर, अशी मर्यादा घातली. पण सुरुवातीच्या अनेक कमोडांच्या भांड्यांचा आकार तेवढ्या पाण्याला साजेसा नव्हता, त्यामुळे लोक दोनदा फ्लश करू लागले आणि सगळी बचत वाहून गेली. ही गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण घरगुती उपायांतही तीच चूक होते. टाकीत पाण्याने भरलेली बाटली ठेवली की फ्लशमागे तेवढे पाणी वाचते हे खरे आहे, पण जुने भांडे १० लिटरसाठी घडवलेले असेल, तर त्याला ५ लिटर देऊन ते साफ होणार नाही. आधी फक्त अर्धा-एक लिटर कमी करा, चार दिवस पाहा आणि मगच पुढे जा. बाटलीऐवजी वीट कधीही ठेवू नये. ती पाण्यात झिजते आणि तिचा चुरा झडपेत अडकतो. जुन्या टाकीत बसणारी दोन बटणांची यंत्रणा सुटी मिळते, तेव्हा टाकीच्या तळाच्या छिद्राचे माप प्लंबरला घ्यायला सांगा. ते जुळले, तर भांडे न बदलताच तुमचे बरेचसे काम होईल. फक्त छोट्या बटणाने जाणारे पाणी भांड्याला पुरते ना, हे इथेही पाहावे लागेल.

मोजणीतला सर्वांत महत्त्वाचा भाग मात्र गळतीचा आहे, आणि तो मी स्वतःच्या घरी उशिरा शिकलो. आमच्या टाकीचा कसलाच आवाज येत नव्हता, फरशी कोरडी होती, त्यामुळे ती गळत असेल अशी शंकाही आली नाही. एका सुट्टीच्या दिवशी टाकीत खाण्याच्या लाल रंगाचे दहा-बारा थेंब टाकले आणि अर्धा तास कुणी फ्लश वापरू नये अशी घरात ताकीद दिली. वीस मिनिटांनी भांड्यात वाकून पाहिले, तर मागच्या उतारावरून धाग्याएवढी गुलाबी रेघ खाली येत होती आणि तळाच्या पाण्यावर फिकट छटा पसरली होती. त्या रात्री कॉक बंद करून पातळीशी खूण केली. सकाळी, सात तासांनी, खुणेपर्यंत भरायला पाच लिटर पाणी लागले. म्हणजे दिवसाला निदान सतरा लिटर, आणि कोण जाणे किती महिने. टाकीच्या तळाची रबरी झडप कडक होऊन वाकडी झाली होती आणि ती ज्या कडेवर बसते त्या कडेवर क्षारांची खरखरीत रेघ साचली होती. दोष काही अंशी माझाच होता. पाणी निळे व सुवासिक करणारी एक वडी मी बरीच वर्षे टाकीत सोडत होतो. अशा काही वड्यांत क्लोरीन सोडणारी रसायने असतात आणि ती रबर खातात. कड घासून झडप बदलायला पंधरा मिनिटे लागली. एकाच वेळी आणखी एक पाहून घ्या : टाकीच्या मधल्या उभ्या नळीच्या तोंडापर्यंत पाणी चढत असेल, तर तरंगता गोळा किंवा फ्लोट खाली सरकवून पातळी त्या तोंडाच्या दोन-अडीच सेंटिमीटर खाली आणावी, नाहीतर जास्तीचे पाणी तिथून गुपचूप भांड्यात जात राहते.

आता गिझरकडे वळू. साठवणीचा काढून इन्स्टंट बसवला की वीज वाचते हा समज पुरता खरा नाही. तेवढेच पाणी तेवढ्याच अंशांनी तापवायला दोन्ही गिझरांना तेवढीच ऊर्जा लागते. साठवणीच्या गिझरमध्ये वाढीव खर्च होतो तो टाकीत तापून पडलेले पाणी निवण्याचा. अंघोळीपूर्वी थोडा वेळ चालू करून नंतर बंद करण्याची सवय असेल, तर हा खर्च थोडा असतो. दिवसभर चालू राहत असेल, तर दोष गिझरपेक्षा बटणाचा आहे. थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी किती तापवायचे ते ठरवणारा खटका, शेवटच्या टोकावर फिरवलेला असेल तर इलेक्ट्रिशियनकडून तो ६० अंशांच्या जवळ आणून घ्या. त्याच्याही खूप खाली आणण्याचा मोह टाळावा, कारण लिजिओनेला नावाचे, फुप्फुसांना घातक ठरणारे जिवाणू साधारण २० ते ४५ अंशांच्या कोमट, साठलेल्या पाण्यात वाढतात. आजचा गिझर खरोखर निकामी होईल तेव्हा मात्र इन्स्टंटकडे न जाता छतावर जागा असल्यास सौर उष्णजल यंत्र, नसल्यास उष्णता पंपाचा हीटर यांचा विचार करा. उष्णता पंप भोवतालच्या हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडतो, त्यामुळे एका युनिटमध्ये साध्या गिझरच्या दोन-तीनपट काम होते.

क्लीनरच्या बाबतीत तुमची निराशा करावी लागेल. व्हिनेगर आम्ल आहे आणि खाण्याचा सोडा आम्लारी आहे. ते एकत्र केले की फेस येतो आणि काहीतरी जबरदस्त घडते आहे असे वाटते. प्रत्यक्षात दोघेही एकमेकांना संपवतात, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि बाटलीत उरते ते सोडियम ॲसिटेटचे पाणी, जे जवळजवळ काहीच साफ करत नाही. ते वेगवेगळे वापरले तर दोन्ही कामाचे आहेत. नळांवरचे आणि शॉवरच्या छिद्रांतले पांढरे क्षार मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचे असतात आणि ते आम्लात विरघळतात. व्हिनेगरमध्ये भिजवलेले फडके नळाला गुंडाळून अर्धा तास ठेवा आणि मग पुसून घ्या. सायट्रिक ॲसिड हे काम वास न सोडता करते. बेसिन घासायला सोडा ओलसर फडक्यावर घ्या, तो ओरखडे न पाडता मळ काढतो. संगमरवर किंवा चुनखडीच्या दगडावर मात्र कोणतेही आम्ल लावू नका, तो दगडही कॅल्शियम कार्बोनेटचाच असल्यामुळे डागाबरोबर चकाकीही जाते. आणखी एक इशारा : ब्लीच वापरत असाल तर ते व्हिनेगर, कमोडचे ॲसिड किंवा अमोनिया असलेल्या क्लीनरबरोबर चुकूनही मिसळू देऊ नका, कारण त्यातून क्लोरीन किंवा क्लोरामाइन हे विषारी वायू निघतात आणि बंद बाथरूममध्ये ते क्षणात घसा धरतात. क्षार चढलेच नाहीत तर कोणतेच रसायन लागत नाही, म्हणून अंघोळीनंतर भिंतीवरचे पाणी रबरी पट्टीने ओढून काढण्याची सवय मला सर्व क्लीनरांपेक्षा मोलाची वाटते. त्याने बुरशीही दूर राहते.

बांबूचे सामान, साबणदाणी, टोपली वगैरे, आहे ते मोडेपर्यंत घेऊ नका. शिवाय सतत ओल्या जागी बांबू काळा पडतो. बाटलीतल्या द्रव साबणाकडून वडीकडे वळणे हा त्याहून चांगला बदल आहे, कारण द्रव साबणात बरेचसे पाणीच असते, आणि ते आपण प्लॅस्टिकच्या बाटलीत भरून दूरवरून वाहून आणतो. वडीखाली पाणी निथळेल अशी जाळी ठेवली नाही, तर मात्र ती चिखल होऊन आठवड्यात संपते. अंग घासायच्या उत्पादनांवर ‘पॉलीएथिलीन’ असे लिहिलेले असेल, तर ते प्लॅस्टिकचे बारीक कण आहेत असे समजून टाळा. ओले वाइप्स पाकिटावर काहीही छापलेले असले तरी कमोडमध्ये टाकू नयेत. २०१७ मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल भागातल्या गटारात २५० मीटर लांबीचा आणि सुमारे १३० टनांचा जो गोळा सापडला, तो घट्ट झालेल्या चरबीचा आणि अशाच वाइप्स, डायपरसारख्या वस्तूंचा होता. जुनी औषधेही तिथे जाऊ देऊ नयेत.

एवढे करूनही काम काढायचेच ठरले, गळक्या नळ्यांमुळे ते काढावेही लागते, तर लक्ष टाइल्सच्या रंगाकडे न देता टाइल्सखाली काय जाते आहे याकडे द्या, कारण तिथे पुन्हा वीस वर्षे हात घालता येणार नाही. गिझर शॉवरच्या जितका जवळ आणता येईल तितका आणा आणि गरम पाण्याच्या नळीला उष्णतारोधक आवरण घाला. आतून १५ मिलिमीटर व्यासाच्या दहा मीटर नळीत पावणेदोन लिटर पाणी मावते. गरम पाणी येईपर्यंत तेवढे पाणी दर वेळी सोडून दिले जाते आणि नळ बंद केल्यावर तेवढेच तापवलेले पाणी नळीतच निवते. बेसिन व शॉवरचे सांडपाणी कमोडच्या सांडपाण्यापासून वेगळ्या नळीने बाहेर काढून घ्या, पुढे कधी ते फ्लशला किंवा झाडांना वापरावेसे वाटले तर फोडाफोड करावी लागणार नाही. असे पाणी एक दिवसापेक्षा अधिक साठवून ठेवू नये, त्याला दुर्गंधी सुटते. आणि त्याची नळी पिण्याच्या पाण्याच्या नळीला कुठेही जोडली जाणार नाही, याची खात्री स्वतः उभे राहून करावी.

राहता राहिले ब्रश. बांबूच्या ब्रशची मूठ कुजते, पण त्याचे केस बहुधा नायलॉनचेच असतात, तेव्हा मूठ टाकण्याआधी ते उपटून वेगळे करावे लागतात. दंतवैद्य तीन-चार महिन्यांनी ब्रश बदलायला सांगतात. आताचे ब्रश तोवर वापरू द्यावेत आणि पुढचे बांबूचे आणावेत. मुलीच्या उत्साहाला मात्र आजच काम द्या. रंगाची बाटली तिच्या हाती द्या, टाकीची चाचणी तिला करू द्या. रेघ दिसलीच, तर झडपेखालच्या कडेवरचे क्षार घासायला घरात त्या प्लॅस्टिकच्या ब्रशांहून सोयीचे दुसरे काही सापडणार नाही.